लघवी गढूळ दिसली तर

पातूरच्या भागात एप्रिल लागला की दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "लगवी गढूय होऊन रायली जी." पुरुष हे दबक्या आवाजात सांगतो. बाई असेल तर बऱ्याचदा सोबत आलेली सासू किंवा नणंद तिच्या वतीनं सांगते. तोवर घरी सगळं करून झालेलं असतं. धण्याचं पाणी, सब्जा, खडीसाखर, मेडिकलमधून विचारून आणलेली सिरपची बाटली, शेजारणीकडच्या उरलेल्या दोन गोळ्या. राहिलेली असते ती फक्त लघवीची तपासणी. खरं तर तीच सगळ्यात आधी व्हायला हवी, कारण गढूळपणाच्या मागे साधी तहानही असू शकते आणि मूत्रपिंडापर्यंत पोचलेला जंतुसंसर्गही. नुसतं बघून दोन्हींतला फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही.

आपली मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेऊन दीड-दोन लिटर लघवी तयार करतात. शरीराला नको असलेले क्षार, युरिया, युरिक ॲसिड हे सगळं तेवढ्या पाण्यात विरघळून बाहेर पडायचं असतं. मे महिन्यात अकोला जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा शेतात राबणाऱ्याचं पाणी घामावाटेच निघून जातं आणि लघवी अर्ध्या-पाऊण लिटरवर येते. क्षार मात्र तेवढेच राहतात. मग ते नीट विरघळत नाहीत, लघवी गडद पिवळी होते, जळजळते, कधी गढूळ दिसते. आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणतात ती बहुतेकदा हीच अवस्था. यावर औषध पाण्याचंच. दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पन्हं घेतलं की एक-दोन दिवसांत लघवी फिकट होते. धणे-जिऱ्याच्या किंवा सब्जाच्या पाण्यानं बरं वाटतं त्यातही मोठा वाटा पोटात गेलेल्या पाण्याचाच असतो, आणि त्यात वावगं काही नाही. दोन दिवस भरपूर पाणी पिऊनही जळजळ आणि गढूळपणा तसाच राहिला, तर मात्र ती उन्हाळी नव्हे असं समजून पुढचं पाऊल उचलावं.

निरोगी माणसाची लघवीही अधूनमधून गढूळ होते, हे फार कमी जणांना माहीत असतं. दुपारचं भरपेट जेवण झालं की जठर पचनासाठी आम्ल सोडतं, त्या बदल्यात रक्तात थोडा अल्कधर्म वाढतो आणि तासा-दोन तासांत लघवी आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी होते. अशा लघवीत फॉस्फेटचे क्षार विरघळलेले राहत नाहीत, पांढुरका साका होऊन बाहेर येतात. वरण, दूध, दही यांतून फॉस्फेट मिळतंच, त्यामुळे चांगलं जेवणाऱ्या माणसाला दुपारी, विशेषतः लघवीच्या शेवटच्या धारेत, चुन्याच्या निवळीसारखं काही दिसलं तर त्यात रोग नसतो. हिवाळ्यात याच्या उलट होतं. पहाटेची आम्लधर्मी, दाट लघवी भांड्यात थंड झाली की युरेट क्षार बाहेर पडतात आणि तळाला गुलाबीसर-विटकरी गाळ बसतो. तो गाळ पाहून रक्त गेलं म्हणून घाबरणारे लोक आहेत. लघवी बाहेर पडताना स्वच्छ होती आणि ठेवल्यावर गढूळ झाली, एवढं लक्षात घेतलं तरी निम्मी भीती कमी होते.

जुन्या प्रयोगशाळांत हा फरक ओळखायची एक सुरेख पद्धत होती. परीक्षानळी तीन चतुर्थांश लघवीनं भरायची, तळाशी धरायची आणि फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. खालचा थंड भाग तुलनेसाठी डोळ्यांसमोर राहतो. तापवल्यावर गढूळपणा गेला तर युरेट. तापवल्यावर वर पांढरा ढग आला तर त्यात ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. ढग लगेच विरला तर फॉस्फेट, टिकून राहिला तर प्रथिन. तापवूनही आणि आम्ल टाकूनही पहिल्यापासूनचा गढूळपणा जसाच्या तसा राहिला तर पू किंवा जंतूंची शंका घ्यायची आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. आता रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणि यंत्रं आली, पण त्यामागचं शास्त्र तेच आहे. ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधलं आम्लच. काचेच्या पेल्यात ताज्या गढूळ लघवीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकल्यावर ती निवळली, तर फॉस्फेटची शक्यता मोठी असं घरीही समजतं. जळजळ, ताप, दुखणं यांतलं काहीही सोबत असेल तर मात्र असल्या प्रयोगावर विसंबू नये.

शेवटच्या धारेतल्या या निरुपद्रवी फॉस्फेटनं आपल्याकडच्या तरुण मुलांचं किती नुकसान केलं आहे, ते सांगायलाच हवं. लघवीत पांढरं दिसलं की 'धातू जाते', अशक्तपणा त्यामुळेच येतो, लग्न झालं तर काय होईल, या काळजीनं पोरं खंगतात. एसटीच्या मार्गावरच्या भिंती याच भीतीवर रंगवलेल्या असतात. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. त्यात खरा त्रास असतो तो चिंतेचा आणि खिन्नतेचा, कारण वीर्य गेल्यानं माणूस अशक्त होत नाही. मलावरोधात कुंथताना प्रोस्टेट ग्रंथीचा चिकट स्राव दोन थेंब बाहेर येतो, तोही नैसर्गिकच. अशा मुलाची एक साधी लघवीतपासणी करावी, ती ठीक आली की त्याला फॉस्फेटची ही गोष्ट नीट बसून समजावून सांगावी. हजारो रुपयांची चूर्णं आणि भस्मं देण्यापेक्षा त्यानं जास्त फरक पडतो. मन फारच खचलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला संकोच करू नये.

बायकांच्या बाबतीत कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची साधारण २० सेंटिमीटर. मोठ्या आतड्यातले ई. कोलाय नावाचे जंतू गुदद्वाराजवळच्या त्वचेवर असतातच, आणि तेवढं छोटं अंतर चढून मूत्राशयात जाणं त्यांना अवघड नसतं. त्यांना तिथून हुसकावण्याचं शरीराचं मुख्य साधन म्हणजे लघवीची धार. दर तीन-चार तासांनी मूत्राशय पूर्ण रिकामं झालं की चढलेले जंतू वाहून जातात. लघवी तुंबवून ठेवली की ते तिथेच वाढतात, पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढायला येतात, आणि त्या मेलेल्या पेशी म्हणजेच पू लघवीला गढूळ करतो. सोबत जळजळ, वारंवार थेंब-थेंब लागणं, ओटीपोटात दुखणं, उग्र वास हे सगळं येतं.

आता कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाईचा दिवस बघा. सकाळी चहा पिऊन, डबा बांधून ती निघते. काळ्या रानात आडोसा नसतो. सोबत पुरुष मजूर असतात, धुऱ्यावरून येणारे-जाणारे असतात. म्हणून ती पाणीच कमी पिते. तहान लागली की घोटभर घेते आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत कळ सोसते. सोयाबीन सोंगणीला तेच, तुरीच्या वेळी तेच. बाजाराला अकोल्याला निघालेली बाई स्टँडवरच्या संडासाची अवस्था आठवून घरूनच कोरड्या घशानं निघते. शाळेतल्या मुलीही सकाळपासून लघवी धरून ठेवतात. याला कोणी निष्काळजीपणा म्हणू नये. लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, हा त्या बाईनं नाइलाजानं काढलेला मार्ग आहे आणि त्याची किंमत तिचं मूत्राशय मोजतं. वेचणीच्या शेतात चार बांबू आणि जुन्या साडीचा आडोसा उभा करायला शेतमालकाला फार खर्च येत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता आला असता तर मी तो पहिल्या ओळीत लिहिला असता.

पाणी वाढवल्यानं खरंच फरक पडतो का, हे बल्गेरियातल्या एका अभ्यासात तपासलं गेलं; तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्तीचं दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्यानं दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं. त्याच्या जोडीला शौचानंतर पुढून मागे धुणं, संबंधानंतर लघवीला जाणं, पाळीचं कापड वेळच्या वेळी बदलून उन्हात वाळवणं, या गोष्टी आल्या. पाळी गेलेल्या बायकांत इस्ट्रोजेन कमी झाल्यानं तिथली त्वचा कोरडी पडते आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. त्यांना डॉक्टरच्या सल्ल्यानं लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं. पन्नाशीपुढच्या किती बायका वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात आणि हे मलम त्यांना कोणी सुचवतही नाही, याचं वाईट वाटतं.

'अंगावरून पांढरं जाणं' आणि गढूळ लघवी यांची गल्लत हीसुद्धा नेहमीची. योनीतला स्राव लघवीत मिसळला की नमुना गढूळ येतो आणि रिपोर्टमध्ये पूपेशी दिसतात, पण दुखणं मूत्राशयाचं नसतं. म्हणूनच नमुना कसा दिला याला महत्त्व. बाहेरची जागा साध्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक डबीत धरायची आणि शेवटची पुन्हा सोडायची. लोणच्याची किंवा औषधाची जुनी बाटली चालत नाही.

इथे पातूरकरांसाठी एक खास गोष्ट. साधी तपासणी गावातच होते, पण कल्चर म्हणजे जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल हे बघायची तपासणी करायला अनेकांना तीसेक किलोमीटरवरच्या अकोल्याला जावं लागतं. घरी सकाळी सातला धरलेला नमुना पिशवीत, उन्हातल्या बसमध्ये, पुढे ऑटोत, आणि दहा-अकराला काउंटरवर. ई. कोलायला उबदार जागा आणि खाद्य मिळालं की तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ५१२. अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की मिलिलिटरमागे एक लाख किंवा अधिक जंतू आढळले तर तो खरा संसर्ग मानावा, त्याखालचे बऱ्याचदा त्वचेवरून मिसळलेले असतात. पिशवीत उबलेल्या नमुन्यात हे मोजमापच बिघडतं आणि निरोगी बाईच्या हाती प्रतिजैविकाची चिठ्ठी येते. नमुना दोन तासांच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात राहिला पाहिजे. सगळ्यात चांगलं म्हणजे अकोल्यात पोचून प्रयोगशाळेतच तो द्यावा. आणि प्रतिजैविकाची पहिली गोळी नमुना दिल्यानंतरच घ्यावी, कारण एका गोळीनंही जंतू दबतात आणि कल्चर कोरं येतं.

साध्या मूत्राशयाच्या संसर्गावर नायट्रोफ्युरँटोइनचा पाच दिवसांचा कोर्स किंवा फॉस्फोमायसिनचा ३ ग्रॅमचा एकच डोस अजूनही चांगला लागू पडतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या आपण इतकी वर्षं दुकानातून सरसकट घेतल्या की भारतातले पुष्कळ ई. कोलाय आता त्यांना दाद देत नाहीत. कोणती गोळी, किती दिवस, हे मूत्रपिंडाची स्थिती, वय आणि गरोदरपण बघून डॉक्टरनंच ठरवायचं. दोन गोळ्यांत जळजळ थांबली म्हणून कोर्स सोडू नये. आणि ते लघवी 'साफ' करणारं सिरप? ते लघवी अल्कधर्मी करतं, त्यानं जळजळ थोडी कमी होते, पण जंतू मरत नाहीत. उलट अल्कधर्मी लघवीत फॉस्फेटचा साका जास्त होतो, म्हणजे गढूळपणा घालवायला घेतलेल्या औषधानंच लघवी गढूळ दिसू शकते. नायट्रोफ्युरँटोइनही अशा लघवीत कमी प्रभावी ठरतं. खायचा सोडा पाण्यात टाकून पिणाऱ्यांनाही हेच लागू, शिवाय रक्तदाब असेल तर त्यातलं सोडियम बाधतं.

गढूळ लघवी, पाठीतून जांघेकडे उतरणारी तिडीक, कधी लालसर रंग, हे सगळं एकत्र आलं की मुतखडा मनात येतो. आपल्याकडे त्याचं खापर पाण्यावर फुटतं. पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या खारपाणपट्ट्यात, अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर या बाजूला, विहिरी-बोअरचं पाणी खरोखरच खारं आहे. पातूर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी असल्यानं इथलं पाणी तसं नाही, पण खडा इथेही होतो. सोडियम जास्त पोटात गेलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा आणि जेवणातल्या मिठाचा संबंध आहे. तरीही सगळ्यात मोठं कारण लघवी कमी होणं हेच. पाणी खारं लागतं म्हणून माणूस ते कमी पितो, हे नुकसान वेगळंच. इटलीतल्या बोर्गी आणि सहकाऱ्यांनी एकदा खडा झालेल्या १९९ जणांचा पाच वर्षं मागोवा घेतला आणि १९९६ साली निष्कर्ष मांडला : रोज दोन लिटरच्या वर लघवी होईल एवढं पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. टोमॅटो-वांग्याच्या बियांनी खडा होत नाही. दूध-दही बंद करण्याचीही गरज नाही, आहारातलं नेहमीचं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. मीठ कमी, लिंबू जास्त, पाणी भरपूर. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी मात्र किती पाणी प्यायचं ते डॉक्टरला विचारूनच ठरवावं. एक खडा जंतूंमुळेही होतो. लघवीला सतत अमोनियासारखा उग्र वास, सतत गढूळपणा आणि दर महिन्याला संसर्ग असं चक्र चालू असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

विदर्भात राहणाऱ्यानं गढूळ लघवीचं आणखी एक कारण ओळखलं पाहिजे, ते म्हणजे हत्तीरोग. त्यात लघवी नुसती गढूळ नसते, दुधासारखी पांढरी असते. तूप-तेलाचं जेवण झालं की जास्त पांढरी, उपवासाला बरीच स्वच्छ. कधी तिच्यात सायीसारख्या गाठी येतात आणि लघवी अडते. हत्तीरोगाच्या कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहून त्या तुंबवतात, आणि आतड्यातून चरबी वाहून नेणारा पांढरा लसिकारस वाट फुटेल तसा मूत्रमार्गात शिरतो. या रोगाची ओळखच अशा लघवीतून पटत गेली. ब्राझीलमध्ये ओटो वुखरर यांना १८६६ साली आणि कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना १८७० साली दुधाळ लघवीत सूक्ष्म कृमी दिसल्या. १८७२ मध्ये लुईस यांनी त्या रक्तातही दाखवल्या, आणि १८७७ मध्ये चीनमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी त्या डासाच्या पोटात वाढतात हे शोधलं. तो डास गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स. या कृमींची पिल्लं रक्तात रात्री फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा रक्त घ्यायला दारी येतात. त्यांना परत पाठवू नये. वर्षातून एकदा वाटल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या समोरच गिळाव्यात, घरात ठेवून देऊ नयेत. दुधाळ लघवीच्या रुग्णाचं प्रथिन आणि चरबी रोज वाहून जाते, तो वाळत जातो. त्याला कमी तेलाचा, जास्त डाळी-अंड्यांचा आहार आणि औषधं लागतात. त्यानं भागलं नाही तर मूत्रविकारतज्ज्ञ दुर्बिणीतून औषध सोडून ती गळती बंद करतात.

काही वेळा थांबायला सवडच नसते. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं आणि उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडात चढलेला असतो. लघवीत रक्त, लघवी पूर्ण बंद होणं, मधुमेह असताना गढूळ लघवी, नळी घातलेल्या रुग्णाला ताप, लहान मुलाला कारण न सापडणारा ताप, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रात्र असली तरी अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठावं. पुरुषांत गढूळ लघवी आणि जळजळ कमी आढळते, म्हणूनच ती झाली तर कारण शोधावं लागतं. म्हातारपणी बहुधा वाढलेल्या प्रोस्टेटमुळे मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. लघवीवर साबणासारखा फेस येऊन टिकत असेल तर तो गढूळपणा नव्हे. त्यातून प्रथिन जात असण्याची शक्यता असते, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णानं ते लगेच तपासावं.

गरोदर बाईची लघवी अगदी निवळशंख दिसली तरी ती तपासावीच लागते. कसलाही त्रास नसताना लघवीत जंतू वाढलेले असतील तर इतर माणसांना बहुधा औषधाची गरज नसते, गरोदरपणात मात्र ते मूत्रपिंडात चढून ताप आणि मुदतपूर्व प्रसूती ओढवू शकतात, म्हणून तिथे उपचार करतातच. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. त्या दिवशी जाताना घरून भरलेली बाटली नेऊ नका, नमुना तिथेच द्या.